स्वस्तातला कोडेसंग्रह निवडताना

स्वस्तातला कोडेसंग्रह घेताना मुखपृष्ठावर मिरवलेल्या कोड्यांच्या संख्येला भुलू नये. आधी शेवटची पाने उघडावीत. तेथे उत्तरे आहेत का, त्यांचे क्रमांक कोड्यांशी जुळतात का आणि ती भिंगाशिवाय वाचता येतात का, एवढे पाहिले तरी छापण्यापूर्वी पुस्तकावरून कोणाची नजर फिरली होती की नाही, याचा अंदाज येतो.

सुडोकूची, म्हणजे ९×९ घरांच्या चौकोनात प्रत्येक ओळीत, स्तंभात आणि ३×३ च्या लहान चौकटीत १ ते ९ हे आकडे एकेकदाच भरण्याच्या कोड्याची, परीक्षा याहून बारकाईने घेता येते. कोड्यात आधीच भरून दिलेली घरे १७ पेक्षा कमी असतील, तर त्याला एकच एक उत्तर असू शकत नाही. डब्लिनमधील संशोधकांनी २०१२ मध्ये संगणकाच्या साहाय्याने हे दाखवून दिले. १ ते ९ पैकी कोणतेही दोन आकडे कोड्यात एकदाही आलेले नसतील, तरी तोच दोष राहतो, कारण उत्तरात त्या दोन आकड्यांची सर्वत्र अदलाबदल केली तरी कोणताही नियम मोडत नाही. तिसरी खूण उत्तराच्या पानावर सापडते: दोन ओळी आणि दोन स्तंभ जेथे छेदतात ती चार घरे दोनच लहान चौकटींत बसत असतील, वरच्या ओळीत ३ व ८, तर खालच्या ओळीत त्याच क्रमाने ८ व ३ असतील आणि या चारांपैकी एकही आकडा कोड्यात आयता दिलेला नसेल, तर ३ व ८ यांची तेथे अदलाबदल केली तरी उत्तर बरोबरच ठरते; म्हणून तेथे अडणाऱ्याने स्वतःच्या बुद्धीला बोल लावू नये.

एकच कोडे वेश पालटूनही येते. ९ आकड्यांची आपसांत अदलाबदल करून एका सुडोकूची ३,६२,८८० रूपे मांडता येतात आणि संगणकाला त्याचे काहीच श्रम पडत नाहीत. म्हणून दोन कोड्यांत भरलेल्या घरांच्या जागा हुबेहूब सारख्या दिसल्या, तर शंका घ्यावी. शब्दकोड्यांत तेच ते अडनिडे शब्द फिरून येतात, पण नवशिक्याला तो सरावच ठरतो.

एवढे असूनही असे पुस्तक जवळ असावे, असे माझे मत आहे, कारण महागड्या, देखण्या संग्रहात खाडाखोड करायला हात धजावत नाही आणि कोडी तर खाडाखोडीनेच सुटतात. स्वस्त पुस्तकात तर्क बेधडक लिहून पाहावा, कंटाळवाणे कोडे खुशाल अर्धवट सोडावे, प्रवासाला निघताना चार पाने फाडून खिशात घालावीत. कागद बहुधा वर्तमानपत्राच्या जातीचा असल्याने शाईचे पेन पाठीमागे उमटते आणि खोडरबर जोराने घासला की पान फाटते. तेव्हा मऊ शिशाची पेन्सिल हलक्या हाताने वापरावी आणि संभाव्य आकडे घराच्या कोपऱ्यात बारीक लिहावेत.