बूच खिशात, बोट पाण्यात: बोटमालकांनो, या चुका टाळा

बोट पाण्यात सोडून दहा मिनिटं झाली असतील. मागच्या बाकाखाली काढून ठेवलेली चप्पल तरंगत तरंगत माझ्या पायाशी आली, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. खिशात हात घातला. पितळी बूच तिथेच होतं, सकाळी घातलं होतं तसंच. मग मी पहिली गोष्ट काय केली? बूच लावलं नाही. कोणी बघत तर नाही ना, हे आधी पाहिलं.

छंद म्हणून बोट बाळगणाऱ्यांच्या बहुतेक फजित्यांचं मूळ इथेच आहे. पहिली चूक साधी असते, फार तर चार लोक हसतात. ती झाकायला घाईघाईनं जे केलं जातं, ते मात्र महागात पडतं.

बूच

जमिनीवर असताना तळातलं पाणी निघून जावं म्हणून बोटीच्या मागच्या फळीला खाली एक भोक असतं. त्याचं हे बूच. इंचभर व्यासाचं भोक पाण्याखाली फूटभर असेल, तर मिनिटाला चाळीसेक लिटर पाणी आत येतं, म्हणजे वीस-पंचवीस सेकंदांत एक बादली. तळातला पंप चालू असला तर बराच वेळ काही कळतच नाही. बॅटरी उतरली की सगळं एकदम उघडं पडतं.

ट्रेलर अजून पाण्यात असेल तर लाज सोडा आणि बोट परत त्यावर चढवा. दूर गेला असाल तर आतून हात पोचतोय का बघा, नाहीतर भोकात फडकं कोंबा आणि किनारा गाठा. बोट जोरात पळवली की त्याच भोकातून पाणी बाहेर ओढलं जातं, हे तुम्हाला कोणीतरी सांगेलच. खोटं नाही ते. पण पाण्यानं जड झालेली बोट वेग घेऊन वर उठतच नाही, आणि तुम्ही किनाऱ्यापासून आणखी लांब जाता. मी आता बूच इंजिनाच्या किल्लीलाच बांधून ठेवतो. बूच सुटं केल्याशिवाय किल्ली लागतच नाही.

रॅम्पवर

मागे पाच गाड्या रांगेत, आणि आपण रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या उतारावर, उभे राहून जॅकेटं शोधतोय, दोर सोडवतोय. असं करू नका. सामान भरणं, दोर बांधणं, बूच लावणं हे सगळं बाजूला गाडी लावून उरकायचं. ट्रेलरचे मागचे पट्टेही तिथेच सोडायचे. ते राहिले तर बोट तरंगते, पण ट्रेलरला धरूनच, आणि बघणाऱ्यांची करमणूक होते. पुढचा विंचचा (ट्रेलरवर बोट ओढून धरणाऱ्या चरकाचा) हूक मात्र बोट पाण्याला लागेपर्यंत काढायचा नाही. तो आधी काढला की ओल्या रोलरवरून बोट सुळकन घसरते आणि काँक्रीटवर आदळते.

ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग खालच्या बाजूनं धरा. हात डावीकडे नेला की ट्रेलर डावीकडे, उजवीकडे नेला की उजवीकडे. वाकडा झालाच तर मागेच रेटत राहू नका. दहा फूट पुढे घ्या, सरळ करा, पुन्हा या. दोनदा पुढे घेणाऱ्याला कोणी हसत नाही. ट्रेलर काटकोनात मोडून बसलेल्याला हसतात.

आणि एक: बोट ढकलण्याआधी तिचा दोर कोणाच्या तरी हातात आहे ना, हे बघा. गुडघाभर पाण्यात उभा असलेला मालक आणि निवांतपणे लांब जाणारी त्याची रिकामी बोट, हे दृश्य मी निदान तीन वेळा पाहिलंय.

इंजिन सुरू होत नाही

मेकॅनिकला फोन करण्याआधी एवढं तपासा, कारण तो आला की हेच तपासणार आहे.

किल्ली फिरवली आणि आवाजच नाही? गिअर न्यूट्रलला नसेल, बॅटरीचा मुख्य स्विच बंद असेल किंवा बॅटरीचं टर्मिनल ढिलं असेल. स्टार्टर फिरतोय पण इंजिन धरत नाही? आधी किल स्विचची, म्हणजे इंजिन झटक्यात बंद करणाऱ्या बटणाची, लाल दोरी बघा. ती जागेवर नसेल तर दिवसभर किल्ली फिरवलीत तरी उपयोग नाही. काही इंजिनांत तर ती नसली की स्टार्टरही हलत नाही. मग इंधनाच्या नळीचं कनेक्टर नीट बसलंय का, ते पाहा. नळीवरचा रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबा. त्यावरच्या बाणाचं तोंड इंजिनाकडे हवं.

सुरू होऊन पाच-दहा मिनिटांनी गचके खात बंद पडलं, तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायचा राहिलाय. टाकी आत चेपल्यासारखी दिसली की खात्रीच.

ती लाल दोरी अंगाला अडकवायची असते, डॅशबोर्डवर लोंबत ठेवायला दिलेली नसते. चालवणारा बाहेर फेकला गेला तर चालू इंजिनाची रिकामी बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते. अमेरिकेत २६ फुटांपेक्षा लहान बोटींवर वेगात असताना ती अडकवणं १ एप्रिल २०२१ पासून कायद्यानंच सक्तीचं झालं आहे.

इंजिन लागलं की मागे वळून बघा: थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धार बाहेर पडतेय ना? नसेल तर लगेच बंद करा. प्लास्टिकची पिशवी अडकली असेल, नाहीतर आतला रबरी इंपेलर (हे पाणी खेचणारं चाक) गेला असेल. आणि घरी, पाण्याचं कनेक्शन न देता, "नुसतं लावून बघू" म्हणून आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन) चालवू नका. इंपेलर मिनिटभरातच जळतो.

धक्क्याला लावताना

खरं नाटक इथे रंगतं, आणि प्रेक्षकही इथेच असतात.

बोटीला ब्रेक नसतो, आणि ती गाडीसारखी वळत नाही. सुकाणू फिरवलं की मागची बाजू फेकली जाते आणि पुढचं टोक जवळजवळ जागेवरच वळतं. म्हणून धक्क्यापासून निघताना गाडीसारखं वळवलं की मागचा कोपरा घासलाच म्हणून समजा. जितक्या वेगानं आपटायची तयारी असेल तितक्याच वेगानं जवळ या. गिअर टाकायचा, दोन सेकंदांत न्यूट्रल, पुन्हा टाकायचा. शक्य असेल तेव्हा वाऱ्याच्या किंवा प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून या. तोच तुमचा ब्रेक. एकच पंखा (प्रोपेलर) असलेल्या बहुतेक इनबोर्ड, म्हणजे आत इंजिन असलेल्या, बोटी रिव्हर्सला मागून डावीकडे ओढल्या जातात. म्हणजे डावी बाजू धक्क्याला लावणं सोपं जातं. हे एकदा मोकळ्या पाण्यात करून बघा, आपली बोट कुठे ओढते ते कळतं.

दोर आणि फेंडर (बोट घासू नये म्हणून बाजूला लटकवायच्या उशा) शंभर मीटर आधीच तयार हवेत. नाहीतर हे होतं:

"दोर धर!"

"कुठला?"

"तो!"

"अरे, तो तर अजून बांधलेलाच आहे!"

पुढचा दोर आधी आवळून बांधला की मागची बाजू बाहेर भिरकते. पहिला दोर मधल्या खुंटाला घ्या, मग बाकीचे निवांत बांधा. चूक होतेय असं वाटलं तर बाहेर पडा, एक चक्कर मारा, पुन्हा या. दुसरी चक्कर ही माघार नव्हे. तीन फुटांच्या फटीवरून उडी मारणं किंवा बोट आणि धक्क्याच्या मध्ये हातपाय घालणं, हीच ती महाग पडणारी दुसरी चूक. टनभर वजनाची बोट हातानं थांबत नाही. खरचटलेला रंग परत लावता येतो.

दोर पंख्यात गेलाच, तर "उलटा फिरवून सोडवू" म्हणून रिव्हर्स टाकू नका, तो आणखी आवळतो. इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात ठेवा, मग हातानं सोडवा.

भरतीला बोट स्थिर धक्क्याला करकचून बांधून जेवायला गेलात, तर परत येईपर्यंत ती दोरांवर टांगलेली असेल. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सहा तास असतील, तर मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी उतरतं. पहिल्या तासात फारसं काही हलत नाही, म्हणून माणूस फसतो.

वाळूत रुतल्यावर

पूर्ण थ्रॉटल देऊ नका. बोट आणखी वर चढते आणि थंड करणाऱ्या पाण्यातून वाळू इंजिनात जाते. बंद करा, आउटबोर्ड वर उचला, माणसांना रुतलेल्या बाजूकडून दुसरीकडे बसवा, वल्ह्यानं ढकलून बघा. पाणी चढत असेल तर थांबणं हाच उपाय. उतरत असेल तर पहिली पाच मिनिटं मोलाची.

इंधन भरताना

मासेमारीची काठी उभी करायच्या भोकात पेट्रोल ओतणारे लोक खरोखर असतात. काठावर झाकणाशेजारीच ते भोक असतं, बोलता बोलता नोझल तिथे जातं, आणि पेट्रोल थेट तळात. पिण्याच्या पाण्याच्या टाकीतही असंच जातं. असं झालं की पंपावरून लवकर सटकावं म्हणून हात किल्लीकडे जातो. तो आवरा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळात साचून राहते आणि तिला एक ठिणगी पुरते. किल्ली, तळातला पंप, ब्लोअर (तळातली हवा बाहेर काढणारा पंखा), कुठल्याच बटणाला हात लावू नका. सगळ्यांना खाली उतरवा आणि पंपवाल्याला मोठ्यानं सांगा. पेट्रोलचं इंजिन आत असलेल्या बोटीवर तर एरवीही, भरल्यानंतर ब्लोअर किमान चार मिनिटं चालवून, नाकानं वास घेऊनच इंजिन लावायचं.

किती भरायचं? एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, उरलेलं राखीव. लाटांवर डुलणाऱ्या टाकीतल्या काट्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

नांगर

नांगर झोकात फेकला, आणि त्यामागोमाग सगळा दोरही सळसळत गेला, कारण दुसरं टोक बांधलेलंच नव्हतं. आधी ते बांधा. नांगर फेकायचा नसतो, सोडायचा असतो. दोर खोलीच्या पाच ते सात पट हवा, आणि खोली मोजताना पाण्यापासून बोटीच्या टोकापर्यंतची उंचीही धरायची: पाणी ४ मीटर, उंची १ मीटर, तर सात पटीनं ३५ मीटर. भरती येणार असेल तर तीही मिळवा. मागच्या बाजूनं नांगर कधीच टाकू नका. इंजिनाचं वजन तिथेच, फळीही तिथेच बुटकी. एक मोठी लाट आली की पाणी आत.

रेडिओ

व्हीएचएफचा, म्हणजे बोटीवरच्या रेडिओचा, माइक बाकाच्या फटीत अडकतो आणि त्याचं बटण दाबलेलं राहतं. मग फेंडर कोणी विसरला यावरचा तुमचा घरगुती वाद चॅनल १६ वर, म्हणजे संकटात हाक मारायच्या चॅनलवर, आसपासच्या सगळ्या बोटींना ऐकू जातो. शिवाय तेवढा वेळ खरोखर बुडणाऱ्या माणसाची हाक दबते. रेडिओ बराच वेळ अगदी गप्प वाटला, तर बाजूच्या बोटी शांत आहेत असं समजू नका. पडद्यावर 'टीएक्स' (म्हणजे तुमचाच आवाज बाहेर जातोय) दिसतंय का ते बघा. दिसत असेल तर माइक आधी हुकावर अडकवा, भांडण नंतर पुरं करा.