फ्रीकोस्टर हब: उघडण्याआधी आणि उघडल्यावर

फ्रीकोस्टर म्हणजे बीएमएक्स सायकलचा असा मागचा हब, ज्यात चाक उलटं गेलं तरी पेडल फिरत नाहीत. तो पकडत नाही म्हटलं की बहुतेक ठिकाणी दोनच उपाय होतात. एक तर लॉकनट आणखी आवळतात, नाहीतर आत बोटभर ग्रीस भरतात. दोन्हींनी हब जास्तच बिघडतो. हा हब घर्षणावर चालतो. फ्रीव्हीलमध्ये आत जसे कुत्रे (दात्यांत अडकणारे खटके) आणि दाते असतात तसे इथे नसतात, म्हणून फ्रीव्हीलचे उपाय इथे चालत नाहीत. (प्लॅनेटरी प्रकारच्या हबची रचना निराळी असते. पुढचं सगळं साध्या क्लचवाल्या फ्रीकोस्टरबद्दल आहे.)

आतली रचना एकदा नीट डोक्यात बसली की निम्मे दोष न उघडताच ओळखता येतात. ड्रायव्हर, म्हणजे हबवरचा चेन बसणारा भाग, बहुधा ९ दात्यांचा असतो आणि त्याच्या आतल्या टोकावर जाड, तिरके आटे असतात. त्या आट्यांवर निमुळता क्लच बसतो. पेडल पुढे मारलं की ड्रायव्हर फिरतो. क्लचला मात्र एक छोटी स्प्रिंग धरून ठेवते, म्हणून तो लगेच बरोबर फिरत नाही, आट्यांवरून सरकत ड्रायव्हरच्या बाजूला येतो आणि हबच्या आतल्या निमुळत्या भागात घट्ट बसतो. मग चाक ओढलं जातं. पेडल किंचित मागे घेतलं की क्लच सुटतो. त्यानंतर फेकीमध्ये, म्हणजे सायकल मागे जात असताना, चाक उलटं गेलं तरी पेडल जागच्या जागी राहतात. क्लचला सरकायला जेवढी मोकळी जागा, तेवढा स्लॅक.

आधी दोष ओळखा

सायकल उलटी उभी करा आणि क्रँक हाताने फिरवा.

क्रँक फिरतोच आहे आणि चाक अजिबात पकडत नाही, तर पहिला संशय स्प्रिंगवर घ्या. ती सैल पडली किंवा घट्ट ग्रीसमध्ये बुडाली, की तिची ओढ जाते. क्लच ड्रायव्हरबरोबरच गोल फिरत राहतो, सरकत नाही. अशा वेळी आणखी ग्रीस घालणं म्हणजे दोष वाढवणं.

हलक्या हाताने पकडतो पण उभं राहून जोर लावला की सटकतो, तर घर्षणाचे पृष्ठभाग चकचकीत झालेत, तेलकट झालेत किंवा झिजलेत. हा दोष अंगावर घेऊ नका. जोरात पेडल मारताना क्लच सुटला तर गुडघा थेट हँडलबारवर जातो.

चाक उलटं फिरवल्यावर पेडलही मागे येतात, तर स्लॅक कमी आहे, लॉकनट फार आवळलेत, ड्रायव्हरचं बेअरिंग जड झालंय किंवा चेन ताणलेली आहे. चेन सगळ्यात आधी बघा, कारण त्यासाठी हब उघडावा लागत नाही. मधोमध वर-खाली साधारण १ सेंटिमीटर हलली पाहिजे. स्प्रॉकेट क्वचितच अगदी गोल असतो, म्हणून क्रँक पूर्ण फेरा फिरवून जिथे चेन सगळ्यात जास्त ताणते तिथे हे माप घ्या.

चाक रिमला धरून डावी-उजवीकडे हलवल्यावर टिकटिक लागते, तर बेअरिंगला प्ले (ढिलाई) आहे. प्ले असेल तर क्लच तिरका बसतो, स्लॅक दर वेळी वेगळा लागतो आणि झीज एका बाजूला होते. प्ले काढल्याशिवाय स्लॅक बदलायला जाऊ नका.

उघडणं आणि धुणं

बाहेरचे १४ मिलिमीटर एक्सलचे नट बहुधा १७ च्या पान्याने निघतात. आतल्या लॉकनटला पातळ कोन पाना लागतो, जाड पान्याने कडा गोल होतात. ड्रायव्हरच्या विरुद्ध बाजूने सुरुवात करा. निघालेला प्रत्येक भाग वर्तमानपत्रावर त्याच क्रमाने आणि त्याच तोंडाने ठेवा, मोबाइलवर फोटो काढा. पातळ शिम (चकत्या) ग्रीसमुळे एकमेकांना चिकटून एकच वाटतात, त्या नखाने सुट्या करून मोजा. एक शिम हरवली तरी स्लॅक बदलतो. स्लॅक बाहेरून ॲलन कीने बदलायची सोय असलेल्या हबमध्ये एक्सलच्या भोकात छर्रे किंवा पिना असतात, त्या घरंगळून जातात. एक्सल काढताना खाली ताट ठेवा.

क्लच, ड्रायव्हरचे आटे आणि स्प्रिंग डिझेल किंवा रॉकेलमध्ये जुन्या टूथब्रशने धुवा. दोन्हींचा तेलकट थर मागे राहतो, म्हणून कोरड्या चिंधीने पुसल्यावर घर्षणाचे भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने शेवटचे पुसून घ्या. बेअरिंग मात्र बुडवू नका, सीलमधून आत गेलेलं डिझेल आतलं ग्रीस धुऊन काढतं. बेअरिंग बोटावर फिरवून बघा. खरखर लागली किंवा अडलं तर बदला. सीलवरचा नंबर वाचा. ६९०२ असेल तर १५ × २८ × ७ मिलिमीटर, ६९०३ असेल तर १७ × ३० × ७. असे नंबर बेअरिंगच्या दुकानात मिळतात, त्यासाठी सायकल कंपनीचा माल मागवायची गरज नाही. नवं बसवताना बाहेरच्या रिंगवर दाब द्या, आतल्या रिंगवर ठोकलं तर बसवतानाच खराब होतं.

आता क्लच उजेडात धरून बघा. आरशासारखा चकाकत असेल तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने, आडव्या-उभ्या रेघा येतील एवढंच घासा. हबच्या आतल्या भागालाही तेच. हा उपाय वारंवार करायचा नाही, प्रत्येक वेळी थोडा धातू कमी होतो आणि क्लच आणखी आत जाऊन बसतो. हबच्या आतली बाजू ॲल्युमिनियमची असेल आणि तिथे बोटाला पायरी लागत असेल, तर घासून उपयोग नाही. हब बदलायची वेळ आली आहे.

स्प्रिंग तिच्या जागी बसवून बोटाने फिरवा. तिला स्पष्ट ओढ लागली पाहिजे, पण अडकू नये. स्वतःच्या वजनाने गळून पडत असेल तर ती सैल आहे. बाहेरून पकडणारी असेल तर टोकं किंचित जवळ आणा, आतून दाबणारी असेल तर किंचित फाकवा. एका वेळी अगदी थोडं वाकवा आणि पुन्हा तपासा. जास्त ताणलेली स्प्रिंग हब जड करते आणि लवकर तुटते. एक जादा स्प्रिंग हबबरोबरच मागवून ठेवा. बाहेरून येणाऱ्या पार्टला वेळ लागतो, आणि इतक्या लहान तारेसाठी सायकल पडून राहते.

ग्रीस किती आणि कुठलं

सांगलीत कुठल्याही गॅरेजमध्ये एपी-३ ग्रीस मिळतं. त्यातला ३ हा घट्टपणाचा आकडा आहे. ट्रॅक्टरच्या हबला ते ठीक, इथे फार घट्ट पडतं, त्यात क्लच चिकटून बसतो. २ नंबरचं किंवा त्याहून पातळ ग्रीस घ्या. ड्रायव्हरच्या आट्यांवर मुगाच्या दाण्याएवढं ग्रीस सगळीकडे पातळ पसरवा, बस्स. घर्षणाच्या भागावर कंपनीने वेगळं सांगितलं नसेल तर शिलाई मशीनचं तेल किंवा एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) २-३ थेंब लावून चिंधीने पुसा, नुसता ओलावा राहिला पाहिजे. अगदी कोरडं ठेवलं तर हब किंचाळतो आणि झिजतो. डब्ल्यूडी-४० गंज सोडवायला चांगलं, पण वंगण म्हणून ते टिकत नाही.

स्लॅक

हब नवा असेल तर पहिले काही दिवस स्लॅकला हात लावू नका, पृष्ठभाग एकमेकांवर बसायला वेळ लागतो. नंतर शिमने किंवा ॲलन कीने हवा तेवढा ठेवा. २५/९ गिअरिंगवर (पुढे २५ दाते, ड्रायव्हरला ९) क्रँक पाव फेरा फिरला की ड्रायव्हर सुमारे ०.७ फेरा फिरतो. पुढचा स्प्रॉकेट २८ चा लावला तर तोच स्लॅक पायाला कमी जाणवतो. म्हणजे स्प्रॉकेट बदलल्यावर स्लॅक आपोआप बदलल्यासारखा वाटतो, हबमध्ये काही बिघडलेलं नसतं. फेकीत क्लच नकळत पकडत असेल तर स्लॅक वाढवा. पण फार वाढवला तर पकडताना क्लच धडकन बसतो आणि आट्यांवर मार पडतो. शिम विकत मिळत नसेल तर कुपवाड एमआयडीसीतला टर्नर बनवून देईल, मात्र नमुना आणि मायक्रोमीटरवरची जाडी दोन्ही द्या.

जोडताना कोन (बेअरिंगला टेकणारा आतला नट) हाताने बसेपर्यंत फिरवा, मग लॉकनट आवळा. एक्सल दोन बोटांनी मोकळा फिरला पाहिजे आणि प्ले शून्य हवा. लॉकनट आवळताना कोनही थोडा फिरतो, म्हणून हे दोन-तीनदा करावं लागतं. पेग (एक्सलवरचे दांडके) लावून ग्राइंड करणाऱ्यांनी, म्हणजे कठड्यावरून घसरत जाणाऱ्यांनी, दोन्ही बाजूंना हब गार्ड लावावेत, आणि पहिल्या राइडनंतर एक्सलचे नट पुन्हा आवळावेत.

सांगलीचा पाऊस आणि चिखल

कोरड्या दिवसांत तीन महिन्यांतून एकदा उघडलं तरी चालतं. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा उघडा. इथली काळी माती ओली असताना सीलच्या कडेला चिकटते आणि वाळली की बारीक भुगा होऊन आत जाते. ऊसवाहतुकीच्या हंगामात रस्त्यावर उडणारी धूळही तशीच. धुताना प्रेशर पाइप हबवर मारू नका, ओली चिंधी आणि ब्रश पुरेसे आहेत.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांच्या इशारा रेषेकडे जायला लागली की गावभागातल्यांनी सायकल वरच्या मजल्यावर न्यावी. ऑगस्ट २०१९ सारखं पाणी आलं तर सील काही अडवत नाही. हब बुडालाच तर चाक फिरवून बघू नका, आतला गाळ घर्षणाच्या भागावर ओरखडे पाडतो. आधी उघडा, स्वच्छ पाण्याने गाळ काढा, लगेच कोरडं करून डिझेलने धुवा आणि वंगण लावा. बेअरिंग तपासत बसू नका, सगळी बदला. स्टीलच्या क्लचवर एक-दोन दिवसांत गंज धरतो. तो वरवरचा असेल तर पॉलिश पेपरने निघतो, खड्डे पडले असतील तर क्लच नवा घ्या.