फील्डवर्कला निघायच्या आधी: बॅगेत काय, डोक्यात काय

नवीन बॅच आली की इकडं कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात आमच्याकडं सोशल वर्क शिकणारी ४-५ पोरं-पोरी फील्डवर्कला येतात आणि पहिल्या दिवशी सगळ्यांच्या बॅगेत तेच असतं, कोरी डायरी, कॉलेजचं पत्र, पाण्याची बाटली, झाली तयारी. मी पण एमएसडब्ल्यूला, म्हणजे सोशल वर्कच्या मास्टर्सला असताना अशीच गेलेले. म्हणून यंदा लिहूनच टाकते, वाचा आणि मग फोन करा की ताई काय काय आणू, आधी नको.

पहिलं पत्राचं बघा. कॉलेजचं पत्र इंग्लिशमध्ये असतं, ते हॉस्पिटलात वगैरे चालतं, पण ग्रामपंचायतीत पीडीओच्या, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याच्या टेबलावर कन्नड पत्र ठेवलं की तुम्हाला खुर्ची मिळते आणि इंग्लिश ठेवलं की "बघू, नंतर या". म्हणून दोन्ही भाषेत काढून घ्या, गोल शिक्का, सही, तारीख, तीन-चार झेरॉक्स. आयडी कार्ड गळ्यात. हिंडलगा जेलमध्ये प्लेसमेंट असेल तर परवानगीला वेळ जातो, अर्ज आधीच टाका, आणि आत मोबाईल नाही चालत म्हणून मनगटावर घड्याळ लावा, हसू नका, दोन वर्षांपूर्वी एकाला वेळच कळंना आणि परतीची बस गेली.

आता भाषा, आणि हिच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे. आपल्या जिल्ह्यात माणूस मराठीत रडतो, फॉर्म कन्नडमध्ये भरायचा असतो आणि तुमचं रेकॉर्डिंग, म्हणजे भेटीचा लेखी अहवाल, जातो इंग्लिशमध्ये, म्हणजे एकाच दुखण्याची तीन भाषांतरं होतात आणि दरवेळी त्यातलं काहीतरी सांडतं. मागच्या वर्षी निपाणीला तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या एका मावशीकडं आमची एक विद्यार्थिनी जायची, तिनं लिहून आणलं 'अँक्झायटी'. आयसीला, म्हणजे सुपरवायझरबरोबर एकेकट्यानं बसायच्या बैठकीत, मी विचारलं, मावशी नेमकं काय म्हणाली ते सांग, तिचे शब्द सांग. तर म्हणे "जीव घाबराघुबरा हुतोय, जिना चढला की दम पुरंना". अगं बाई! आयुष्यभर तंबाखूचा खकाणा नाकातोंडात गेलेली बाई ती, तिला आधी छातीच्या डॉक्टरकडं न्यायला पाहिजे होतं आणि आम्ही कौन्सेलिंगचा प्लॅन आखत बसलेलो. तेव्हापासून माझा नियम आहे, डायरीच्या डाव्या पानावर माणसानं म्हटलेलं जसंच्या तसं, त्याच्याच बोलीत, आणि तुमचं शहाणपण उजव्या पानावर.

कन्नड येत नसेल तर घाबरू नका, पण शून्यावर पण जाऊ नका. निपाणी, खानापूर, बेळगाव शहर इथं मराठीवर निभावतं, सौंदत्ती, बैलहोंगल, गोकाककडं प्लेसमेंट लागली की नाही निभावत. निदान "ऊटा आतरी?" आणि "सावकाश हेळ्री" एवढं तोंडात बसवा, आणि शेवटचा तो "री" विसरू नका, आपल्या अहो-जाहोसारखा आहे तो, म्हातारीला "री" न लावता बोललात तर ती उत्तर देईल पण मनातलं नाही सांगणार. कन्नड आकडे पण शिका, बसच्या पाट्या वाचायला लागतातच. दुभाषी म्हणून घरातलंच पोरगं धरू नका, आई नवऱ्याच्या माराबद्दल सांगत असताना ते पोराच्या तोंडून वदवून घ्यायचं म्हणजे कसलं सोशल वर्क ते.

सौंदत्ती भागात अजून एक. देवदासी प्रथेला कर्नाटकात १९८२ च्या कायद्यानं बंदी आहे हे वर्गात शिकलात, परीक्षेत लिहिलं, मार्क मिळाले. पण समोरच्या बाईला पहिल्याच भेटीत "तुम्हाला कधी सोडलं", म्हणजे देवीला कधी वाहिलं, असं विचारायचं नाही. ती स्वतःला काय म्हणवते ते आधी ऐका आणि तोच शब्द वापरा. याच जिल्ह्यातल्या सीताव्वा जोडट्टींना २०१८ साली पद्मश्री मिळाली, त्या स्वतः त्यातून गेलेल्या, त्यामुळं तुम्ही काही कुणाचा उद्धार करायला निघालेला नाहीत, एवढं डोक्यात असू दे.

मग कागद. बॉर्डरवरच्या केसेस निम्म्या कागदाच्याच असतात बघा. महाराष्ट्रातल्या चंदगड-गडहिंग्लजकडची लेक आपल्याकडं सून म्हणून येते, आधार माहेरच्या पत्त्याचं, नाव माहेरच्या रेशन कार्डावर, आणि इकडं कर्नाटकच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २००० पाहिजेत तर इथल्या कार्डावर ती घरची प्रमुख म्हणून लागते. जातीचा दाखला बापाच्या राज्याचा, तो इकडं सवलतीला चालेलच असं नाही. वर ती विचारणार की माझ्या कागलच्या बहिणीला लाडक्या बहिणीचे १५०० येतात, मला का नाही. तेव्हा दोन्हीकडच्या योजना माहीत पाहिजेत आणि कुठला कागद कुठून आधी निघतो त्याचा क्रम पण, माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आधी, बाकी सगळं नंतर. आणि कुणाचाही ओरिजिनल कागद हातात घेऊन घरी यायचं नाही, झेरॉक्स नाहीतर तिथंच बसून उतरवा.

शब्द देताना जपून. हे मी शिकले बेळगावच्या वडगावात एका विणकर आजोबांकडं, पहिल्या सेमिस्टरला. उत्साहात बोलून गेले, "आजोबा, पेन्शन होईल तुमची". आजोबांनी त्या भरवशावर कोपऱ्यावरच्या दुकानात उधारी वाढवली, आणि आधारवर वय कमी लागलेलं असल्यानं अर्ज परत आला. पुढचा महिनाभर मी ती गल्ली टाळत होते, खोटं कशाला सांगू. आता मी "अर्ज टाकू, काय होतंय ते येऊन सांगते" एवढंच म्हणते आणि खरंच जाऊन सांगते, नकार असला तरी.

"कुणाला सांगणार नाही" असा शब्द लहान मुलाला तर अजिबात देऊ नका. २०१२ चा पोक्सो कायदा आहे, मुलावर लैंगिक अत्याचार झालाय असं कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, विद्यार्थी असलात तरी. त्याच दिवशी सुपरवायझरला फोन करायचा, शुक्रवारच्या आयसीची वाट बघायची नाही. नंबर कागदावर लिहून ठेवा, १०९८ मुलांसाठी, १८१ बायकांसाठी, ११२ पोलीस, १०८ ॲम्ब्युलन्स, मनाचं असेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६. कागदावर अशासाठी की कणकुंबी-जांबोटीकडं जंगलात रेंज नसते. आणि बालगृहातल्या मुलांबरोबर सेल्फी काढून स्टेटसला ठेवायचा नाही, ओळख उघड करणं कायद्यानं गुन्हा आहे, इमोजीनं तोंड झाकलं म्हणजे झालं असं नाही.

कॅलेंडर घेऊन बसा एकदा. १ नोव्हेंबरला इकडं राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकचा स्थापना दिवस, आणि सीमाभागातल्या आपल्या मराठी लोकांचा काळा दिवस, त्या दिवशी व्हिजिट ठेवू नका, आणि वाद निघालाच तर चहा प्या, गप्प बसा, तुमचं मत घरी ठेवून यायचं. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधला विधिमंडळाचं अधिवेशन असलं की साहेब लोक जाग्यावर सापडत नाहीत, सह्या नोव्हेंबरातच उरका. माघी पुनवेला अर्धा गाव सौंदत्तीच्या यल्लम्माला गेलेला असतो, घरांना कुलपं.

खानापूर मिळालं असेल तर छत्री नको, रेनकोट घ्या, आणि पायाला लावायला मीठ किंवा तंबाखूचं पाणी, जळवांसाठी. डबा थोडा जास्तीचा घ्या, लोक खायला घालतातच पण रोज त्यांच्यावर कशाला. परतीची बस कुठली ते सकाळीच कंडक्टरला विचारून ठेवा, संध्याकाळी जी येते ती बऱ्याचदा वस्तीची गाडी असते, ती सकाळीच सुटते. पोरींना शक्ती योजनेमुळं सरकारी बसला झीरो तिकीट, म्हणजे फुकट, पण कर्नाटकच्या पत्त्याचं आधार दाखवावं लागतं, आमच्या यंदाच्या बॅचमध्ये एक चंदगडची आहे, तिनं आणि पोरांनी सुट्टे पैसे ठेवायचे.