ब्लॉकचेनच्या बंद दारामागच्या कार्यक्रमांना नाव लागत नाही? कोल्हापुरातून अर्ज करताना या चुका टाळा

माझ्या मेलबॉक्समध्ये 'दिलगीर आहोत' नावाचं एक लेबल आहे. ब्लॉकचेनवाल्यांच्या निवडक लोकांसाठीच्या कार्यक्रमांना मी केलेल्या अर्जांची नकारपत्रं त्यात जपून ठेवली आहेत. (ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर सामायिक ठेवलेली, साखळीसारख्या जोडलेल्या नोंदींची वही; मागची नोंद गुपचूप बदलता येत नाही.) ओळीनं सात. आठव्याला होकार आला. ते जुने अर्ज आता वाचले की कळतं, सातातले पाच तरी नकार मी स्वतःच्या हातानं ओढवून घेतले होते. राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात हल्ली पोरं त्याच चुका घेऊन येतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी एक घोळ मिटवू. मोठ्या परिषदेचं तिकीट बहुतेक वेळा पैसे भरून मिळतं. इथेरियम नावाच्या ब्लॉकचेनवाल्यांचं डेव्हकॉन २०२४ मध्ये बँकॉकला झालं, नोव्हेंबर २०२६ चं मुंबईत ठरलंय. तिथं तिकिटाची सोय आहे. अडतं ते त्या आठवड्यात आजूबाजूला होणाऱ्या छोट्या बैठकांपाशी. खुर्च्या चाळीस-पन्नास, अर्ज त्याच्या कितीतरी पट. लुमा या कार्यक्रम-नोंदणीच्या संकेतस्थळावर नोंदणी करायची आणि 'मंजुरीची वाट पाहा' हे वाचत बसायचं. ईथइंडियासारख्या बेंगळुरूच्या हॅकेथॉनलाही, म्हणजे एकत्र जमून ठराविक वेळात प्रकल्प उभा करायच्या स्पर्धेलाही, डेव्हफोलिओ या संकेतस्थळावर अर्ज जातो आणि तो वाचून निवड होते. वाचणारा माणूस तुमच्यासाठी फार तर अर्धा मिनिट काढतो.

आपल्याकडं अनोळखी माणूस भेटला की पहिला प्रश्न 'पाव्हणं कुठलं?' आणि दुसरा 'कुणाचं?' अमक्याचा पोरगा म्हटलं की पुढचं सगळं सोपं होतं. त्या बैठकांत तुम्ही कुणाचे हे कुणालाच ठाऊक नसतं. मग तुमच्या कामाचा माग कुठं सापडतो, एवढंच बघितलं जातं.

फुगवलेली ओळख

माझ्या पहिल्या अर्जात 'तुम्ही काय करता?' या रकान्यात मी लिहिलं होतं: ब्लॉकचेन उत्साही, वेब-थ्री सल्लागार. 'का यायचंय?' याला उत्तर: नेटवर्किंग आणि शिकण्यासाठी. यातला एकही शब्द कुणाला तपासता येत नाही, आणि सल्ला तर मी तोवर कुणाला दिलाही नव्हता. त्याच वेळी उद्यमनगर आणि शिरोलीच्या फाउंड्र्यांना मी नऊ वर्षं सॉफ्टवेअर करून देत होतो. ते मी लिहिलंच नाही. गावठी वाटेल म्हणून!

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती खास आपल्याकडची आहे. ज्या धंद्यात आपण मुरलोय तो लपवायचा आणि ज्यात कच्चे आहोत त्याचा फलक लावायचा.

आठव्या अर्जात काय बदललं ते नीट सांगतो. फाउंड्रीत प्रत्येक ओताला हीट नंबर, म्हणजे ओळखक्रमांक, असतो. स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूत काय किती आहे ते मोजणाऱ्या यंत्रावर, तपासणी होते आणि गिऱ्हाइकाला माल पाठवताना सोबत टेस्ट सर्टिफिकेट जातं, ज्याला सगळे टीसी म्हणतात. ही टीसी बहुतेक ठिकाणी साधी पीडीएफ असते. कार्बन ३.४ चा ३.५ करायला दोन मिनिटं पुरतात, आणि भांडण झालं की कुणाची प्रत खरी यावर फोनाफोनी. मी काय केलं, तर प्रत्येक टीसीचा शा-२५६ हॅश काढला, म्हणजे फायलीचा ६४ अक्षरी ठसा, आणि तो इथेरियमच्या सेपोलिया या चाचणी नेटवर्कवर नोंदवला. फायलीतला एक आकडा बदलला तरी ठसा पार बदलतो. नोंदीसाठी लागणारं इथेरियमचं चलन म्हणजे ईथर; चाचणीचा ईथर फुकट मिळतो, त्यामुळं खिशाला चाट नाही. एका मालकांनी तीन महिने त्यांच्या टीसी वापरू दिल्या.

अर्जात हे पाच ओळींत लिहिलं, आणि सहावी ओळ अशी होती: 'स्पेक्ट्रोवरचं वाचनच चुकीचं असेल तर ही साखळी ती चूक कायमची जपून ठेवते, यावर माझ्याकडं उत्तर नाही, तेवढ्यासाठीच यायचंय.' नंतर तिथं भेटलेल्या आयोजकबाईंनी मला याच ओळीवरून ओळखलं. बाकीच्या अर्जांत सगळ्यांचं सगळं जमलेलं असतं, म्हणाल्या.

'हे साध्या डेटाबेसमध्ये का नाही?' हा प्रश्न तिथं हमखास येतो. माझं उत्तर होतं की डेटाबेस फाउंड्रीच्या ताब्यात असतो आणि गिऱ्हाइकाचा नेमका त्याच्यावरच विश्वास नसतो. तुमच्या कामाचं उत्तर 'डेटाबेस चाललं असतं' असं येत असेल, तर अर्ज करायच्या आधी कामच बदला.

काल रात्रीचं काँट्रॅक्ट

या धंद्यात थाप पचत नाही, कारण वही उघडी आहे. एका पोरानं अर्जात 'दोन वर्षांपासून स्मार्ट काँट्रॅक्ट लिहितो' असं टाकून खाली त्याचा साखळीवरचा पत्ता दिला. (स्मार्ट काँट्रॅक्ट म्हणजे साखळीवर आपोआप चालणारा प्रोग्रॅम.) ईथरस्कॅन या इथेरियमच्या नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर तो पत्ता उघडला की काँट्रॅक्ट कधी चढवलं, कुणी चढवलं, सगळं दिसतं. त्याचं काँट्रॅक्ट होतं अर्जाच्या आदल्या रात्रीचं, आणि कोड पडताळणीसाठी टाकलेलाही नव्हता. मी त्याला म्हटलं, 'बाळ, तीन आठवड्यांचं असेल तर तीन आठवडेच लिही.' पुढच्या वेळी त्यानं तसंच लिहिलं.

कोड ठेवायच्या गिटहब या संकेतस्थळाचंही तसंच. दुसऱ्यांच्या चाळीस प्रकल्पांच्या नकला आपल्या खात्यात ओढून ठेवल्या म्हणजे काम होत नाही. त्यापेक्षा एखाद्या चालू प्रकल्पात दस्तऐवजातली एक चूक दुरुस्त करा, एखादी टेस्ट लिहा, आणि ती स्वीकारली जाईपर्यंत पाठपुरावा करा. समोरच्यानं दोनदा दुरुस्त्या सांगितल्या आणि तुम्ही त्या न चिडता केल्या, ही देवघेव तिथं कायम राहते आणि अर्ज वाचणारा तीही वाचतो. नफ्याचे स्क्रीनशॉट मात्र कुणालाच दाखवू नका. कॉइन घेऊन पैसे केले ही तिथं पात्रता धरत नाहीत. उलट, काहीतरी विकायला आलाय अशी शंका येते.

'मला कोडिंग येत नाही, मग जाऊ द्या'

हे ऐकलं की माझा जीव तुटतो. एक सीए ताई आमच्याकडं आल्या होत्या. क्रिप्टोसारख्या आभासी डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आणि १ जुलै २०२२ पासून हस्तांतरणावर १ टक्का टीडीएस, तोटा दुसऱ्या नफ्यातून वळता करता येत नाही, हे त्यांना पाठ. तरी अर्जात लिहिलं होतं 'क्रिप्टोमध्ये रस'. अहो, त्या खोलीतल्या निम्म्या लोकांना तुमच्याशीच बोलायचं असतं! चार पानांचं सोपं टिपण लिहा, त्यात दोन खरी उदाहरणं घाला आणि त्याचा दुवा अर्जात द्या.

तसंच चपलांचं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार मिळून. अस्सल जोड ओळखण्यासाठी साखळीवर नोंद ठेवू म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण नोंद आणि प्रत्यक्ष चप्पल यांची गाठ कशी बांधायची, टॅग काढून दुसऱ्या जोडाला लावला तर काय, हे कातड्यावर हात फिरवलेला माणूसच सांगू शकतो. आणि उदाहरण विचारलं की लगेच दुबईला पळू नका. गडचिरोलीच्या एटापल्लीत २०२२ मध्ये सुमारे ६५ हजार जातीच्या दाखल्यांची नोंद पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर करायचं काम हाती घेतलं होतं. तुमच्या गल्लीतली पतसंस्था जे एसएमएस पाठवते, त्यातलं पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचाही दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांमुळं वितरित खातेवहीवर, म्हणजे ब्लॉकचेनच्याच जातीच्या सामायिक वहीवर, नोंदवावा लागतो. एवढं माहीत असणारा माणूस खोलीत वेगळा उठून दिसतो.

'नमस्कार सर, मार्गदर्शन करा'

असा निरोप ज्याला मिळतो तो बिचारा कशाबद्दल मार्गदर्शन करणार? निरोपात एक नेमका प्रश्न हवा, आणि आधी स्वतः काय करून पाहिलं ते. उत्तर आलं तर पुढं काय झालं ते महिन्याभरानं कळवा. हे कुणीच करत नाही. ओळखीच्या शिफारशीनं नाव लागतं हे खरं आहे, पण शिफारस करणारा स्वतःचं नाव पणाला लावत असतो.

किरकोळ चुका भराभर सांगतो. पंधरा कार्यक्रमांना एकच मजकूर चिकटवणं. आदल्या दिवशी अर्ज करणं. मंजुरी मिळूनही न जाणं आणि तसं कळवणंही नाही. त्या आयोजकाकडं हजेरी नोंदलेली असते. मिसळीच्या टेबलावर नऊ जण जमले आणि अर्जात 'कोल्हापूर ब्लॉकचेन समुदायाचा संस्थापक' लिहिलं, तेही नको. नऊ जण, दर महिन्याला, सहा महिने, असं लिहा. ते जास्त वजनदार आहे.

पास करून देणारे दादा

टेलिग्रामवर 'भावा, पंधरा हजारात व्हीआयपी पास' म्हणणारे असतात. मंजुरी नावावर असते, त्यामुळं असा पास दारात अडायची शक्यताच जास्त. त्याहून वाईट म्हणजे खोटे नोंदणी दुवे: 'हजेरीचं टोकन घ्या, वॉलेट जोडा, सही करा.' वॉलेट म्हणजे तुमच्या डिजिटल टोकनांचा बटवा, आणि त्या एका सहीत तुमची टोकन हलवायची परवानगी दडलेली असू शकते. कार्यक्रमांसाठी वेगळं, रिकामं वॉलेट ठेवा. आणि वॉलेटचे १२ किंवा २४ गुप्त शब्द, म्हणजे त्याची किल्लीच, मागणारा कुणीही असो, आयोजकाचा बिल्ला लावलेला असला तरी, तिथून उठा.

दारात

इतकं सगळं होऊन मी तावडे हॉटेलपाशी रात्रीची बस धरली, सकाळी बेंगळुरूत उतरलो आणि दारातच अडलो. लुमावर माझं नाव होतं पहिलं नाव आणि आडनावाचं एक अक्षर. आधारवर वडिलांच्या नावासकट पूर्ण तीन शब्द. दारावरच्या मुलीला मराठी येत नव्हतं, मला कन्नड. त्यात मोबाईलची बॅटरी रात्रभरच्या प्रवासात संपलेली, क्यूआर कोड दाखवायचा कुठून? वीस मिनिटं बाहेर उभा होतो. आतून त्याच आयोजकबाई आल्या आणि म्हणाल्या, 'स्पेक्ट्रोवाले ना तुम्ही?' नोंदणी करताना ओळखपत्रावर असेल तसंच नाव लिहा आणि क्यूआर कोडची एक छापील प्रत खिशात ठेवा.