उद्यानाचे आरक्षण वाचवताना या चुका टाळा

जेसीबी आवारात शिरल्यावर नागरिक जागे होतात. परंतु आपल्या शहरांतील मोकळी जागा बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी कागदावर गेलेली असते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातील हिरवा रंग, म्हणजे उद्यानासाठी राखून ठेवलेली (आरक्षित) जागा, कायमचा समजणे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 नुसार, अंतिम आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत आरक्षित जमीन ताब्यात घेतली गेली नाही, तर मालक ती घेण्याबाबत नोटीस बजावू शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत जमीन संपादित झाली नाही किंवा संपादनाची पावलेही उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते, आणि लगतच्या जमिनीवर जे बांधता येते ते तिथेही बांधता येते. अशी नोटीस आल्याचे शेजारच्या सोसायट्यांना सहसा कोणी कळवत नाही. त्यामुळे आराखड्याला 10 वर्षे होत आली की नगररचना विभागाकडे माहिती अधिकारात दोनच गोष्टी विचाराव्यात: नोटीस आली आहे का, आणि अंदाजपत्रकात भूसंपादनासाठी तरतूद आहे का. नगरसेवकाकडे बाकडी आणि कारंजे मागण्यापेक्षा ही तरतूद मागणे कितीतरी उपयोगाचे आहे, जरी तिचे उद्घाटन करता येत नसले तरी.

दुसरी चूक हरकत नोंदवताना होते. प्रारूप (मंजुरीआधीच्या) आराखड्यावर कलम 26 खाली ठरलेल्या मुदतीत हरकती व सूचना देता येतात, मात्र मंजूर आराखड्यात कलम 37 खाली होणारे फेरबदल अनेकांच्या नजरेतून निसटतात, कारण त्यांची सूचना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत येते. शेकडो जणांच्या सह्यांचा एकच छापील मजकूर सुनावणीत एकाच ओळीत निकाली निघतो. त्याऐवजी सर्व्हे क्रमांक, आरक्षण क्रमांक आणि भाग नकाशाची (आराखड्यातील त्या भागाच्या नकाशाची) प्रत जोडून नेमका कोणता बदल अमान्य आहे ते लिहावे, आवक क्रमांकाचा शिक्का घ्यावा आणि सुनावणीला स्वतः हजर राहावे.

इमारतीच्या आवारातील मोकळ्या जागेबाबत माहितीपत्रकातील चित्रावर विसंबू नये. मुंबई वगळता राज्यातील बहुतेक शहरांना लागू असलेल्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडात सर्वसाधारणपणे 10 टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. मंजूर नकाशाची प्रत हातात घेऊन आवारात फिरले, तर ट्रान्सफॉर्मर, पाण्याची टाकी किंवा पाहुण्यांचे पार्किंग नेमके त्याच चौकोनात बसवलेले आढळू शकते. पोडियमवरील, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरच्या स्लॅबवरील, हिरवळ हा या मोकळ्या जागेला पर्याय नव्हे: किमान मोकळी जागा जमिनीच्या पातळीवरच हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील एका प्रकरणात डिसेंबर 2013 मध्ये स्पष्ट केले. स्लॅबवरच्या मातीच्या थरात लॉन तगते, वड-पिंपळ धरत नाहीत आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरत नाही.

उरला झाडांच्या बदल्यात झाडांचा हिशेब. वृक्ष जतन कायद्यात 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडे लावायची असतात. म्हणजे 40 वर्षांच्या चिंचेच्या बदल्यात 40 रोपे. आकडा ऐकून समाधान मानू नये. ती रोपे कोणत्या जागी लागणार याची यादी वृक्षतोडीच्या परवानग्या पाहणाऱ्या वृक्ष प्राधिकरणाकडे मागावी आणि खोडावर चिकटवलेल्या वृक्षतोडीच्या नोटिशीचा तारखेसह फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा, कारण हरकतीची मुदत अगदी थोड्या दिवसांची असते आणि नोटीस पहिल्या पावसातच गळून पडते.