कांदा चाळीत भरताना या चुका टाळा, सड नंतर दिसते

आमच्याकडे निफाड साईडला चाळीतला (चाळ म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड) कांदा सडला की लोक आधी वातावरणाला शिव्या घालतात, मग बियाण्याला, मग औषधवाल्याला. स्वतःच्या हाताला कोणीच नाही. मी पण नव्हतो घालत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आपटणे. ट्रॉली चाळीला लावली, फाळका पाडला आणि धडाधड ओतला, झालं काम! वरची पत्ती चकचकीत राहते म्हणून काही वाटत नाही, पण आत मार बसलेला असतो आणि पावसाळी दमट हवा सुरू झाली की सड तिथूनच धरते, मग त्याचं पाणी खालच्या दहा कांद्यांवर. मजुरांना दोष देऊन उपयोग नाही, काम उक्तं दिलं तर ते घाई करणारच, आणि मी तेव्हा बांधावर मोबाईल बघत होतो हे पण खरं. पाटी खाली टेकवून ओतायला सांगा, वेळ लागतो, लागू द्या.

दुसरं, खांडणी, म्हणजे कांद्याची पात कापणं. मान मुळापासून साफ कापली की दिसायला भारी दिसतं पण ते तोंड उघडं राहतं. इंचभर मान ठेवा. आणि त्याच्या आधीचं, निम्म्या माना पडल्या की काढायचा, पाणी १०-१५ दिवस आधी बंद, शेवटी शेवटी युरिया टाकून जाड मानेचा कांदा केला असेल तर तो चाळीत नकोच, सरळ मार्केटला. काढल्यावर शेतात ३-४ दिवस, एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल असा, नंतर सावलीत १०-१२ दिवस. लाल कांदा साठवायच्या भानगडीत पडू नका, टिकतो तो उन्हाळ, म्हणजे उन्हाळ्यात निघणारा.

थर ४-५ फुटांच्या वर नको. आम्ही एकदा जागा पुरेना म्हणून पत्र्याला टेकेपर्यंत भरला होता, आबा नको म्हणत होते. जुलैत खालून काळं पाणी निघालं.

बरं, हे फक्त आपल्या खिशापुरतं राहत नाही. लिलावात ट्रॉलीत वर चार ओले कांदे दिसले की व्यापारी पूर्ण गाडीचा भाव पाडतो. पुढं सप्टेंबर-ऑक्टोबरला देश हाच साठवलेला कांदा खातो, तो कमी पडला की शहरात भाव भडकतो आणि दिल्लीतून दणका येतो. ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरला थेट निर्यातबंदी, ती उठली मे २०२४ मध्ये. सगळं सडीमुळे झालं असं नाही म्हणत मी, पाऊस आहे, पेरा आहे, इलेक्शन आहे, पण ज्याने जपून भरला होता तो पण त्यात भरडला गेलाच ना. द्राक्षवाल्यांना २०१० आठवत असेल, सीसीसीचा (वेलीची वाढ रोखायला मारतात ते औषध) अंश सापडला म्हणून युरोपात माल अडकला, तेव्हा कोणाच्या बागेत किती मारलं होतं हे विचारायला कोण आलं होतं?

आता चाळ भरून झालीच असेल तर रोज सकाळी एक चक्कर मारा, नाक उघडं ठेवून. आंबूस वास आला तर वरवर चाळवू नका, तो कप्पा खालपर्यंत उपसा, ओला आणि काजळी (काळी बुरशी) धरलेला वेगळा काढा, आणि राहिलेला परत चाळीत न टाकता त्याच आठवड्यात विका, भाव पडलेला असला तरी. चाळीच्या बाजूचा प्लास्टिकचा कागद पावसात खाली, उघडीप मिळाली की लगेच वर. आमच्यात हे काम आता आबांकडे आहे, माझ्यावर त्यांचा भरवसा नाही.