पांढरे केस घरी रंगवा, हायलाइट्स मात्र पार्लरमध्येच करा

केस आहेत त्याच रंगाचे किंवा त्याहून गडद करायचे असतील तर घरी छान जमतं. फिकट करायचे असतील तर पैसे खर्च करून पार्लरमध्ये जावं, असं माझं ठाम मत आहे. आपले केस मुळात काळे. त्यावर नुसता फिकट रंग लावून हायलाइट्स उठत नाहीत, आधी ब्लीचने मूळ रंग काढावा लागतो. तो उतरताना केस लालसर, मग नारिंगी, मग पिवळे दिसतात. कुठे थांबायचं ते सरावलेल्या डोळ्यालाच कळतं, आणि डोक्यामागच्या बटा तर आपल्याला दिसतही नाहीत.

घरी रंगवताना सुरुवात दोन दिवस आधी करा. थोडा रंग कानामागे लावून ४८ तास वाट पाहा. खाज, लाली किंवा सूज आली तर तो रंग वापरू नका. वर्षानुवर्षं वापरलेल्या रंगाचीही एके दिवशी ॲलर्जी होऊ शकते, त्यामुळे ही चाचणी दर वेळी करा. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांतही बहुधा पीपीडी हे ॲलर्जी करू शकणारं रसायन असतं. मेंदी म्हटलं की निर्धोक, असं धरून चालू नका.

डेव्हलपर, म्हणजे रंग चढावा म्हणून त्यात मिसळायचं द्रावण, सुटा घेत असाल तर २० व्हॉल्यूमचा, म्हणजे ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा घ्या. पांढरे केस झाकायला तो पुरतो. ४० व्हॉल्यूमचा घरी आणूच नका.

केस कोरडे, बिनतेलाचे आणि शक्यतो आदल्या दिवशी धुतलेले असावेत. कपाळाच्या कडेला आणि कानांवर व्हॅसलीन लावा, हातमोजे घाला. रंग प्लॅस्टिकच्या किंवा काचेच्या वाटीत कालवा, धातूच्या नको. केसांचे चार भाग करून चिमटे लावा. जिथे पांढरे जास्त, तिथून सुरुवात करा. बहुधा ती जागा कानशिलांजवळ आणि भांगात असते. रंग फक्त नव्याने वाढलेल्या मुळांना लावा. दर वेळी टोकापर्यंत लावला की खालचे केस काळेकुट्ट आणि रुक्ष होतात. टोकं फिकी पडली असतील तरच शेवटची पाच मिनिटं रंग खाली ओढा. पाकिटावरची वेळ पाळा, मग पाणी स्वच्छ येईपर्यंत कोमट पाण्याने धुवा. उरलेला कालवलेला रंग बाटलीत बंद करून ठेवू नका. आत वायू साठून बाटली फुटू शकते.

पार्लरमध्ये गेल्यावर पहिली गोष्ट सांगायची ती मेंदीची, सहा महिन्यांपूर्वी लावली असली तरी. काही तयार मेंद्यांमध्ये धातूचे क्षार असतात. त्यावर ब्लीच पडलं की केस तापतात, तुटतात. शुद्ध मेंदीचा रंगही ब्लीचने नीट उतरत नाही. म्हणून आतल्या एका बटेवर आधी करून बघायला सांगा. टोनर (ब्लीचनंतरचा पिवळेपणा घालवायला लावतात तो रंग) आणि लांबीचे जादा पैसे धरून एकूण किती होतील, हेही आधीच विचारा.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. त्यामुळे मुळापासून काढलेल्या हायलाइट्सची वाढ लवकर दिसू लागते. वारंवार जाणं परवडणार नसेल तर बालायाज मागा: त्यात रंग मुळांपासून थोडा खाली, हलकेच सुरू होतो, आणि कित्येक महिने टच-अपशिवाय निभावतं.